बीट केलेल्या उतारावर ऑल-माउंटन कार्व्हिंग स्की: बुटापासून वळणापर्यंत, क्रमाने

दर फेब्रुवारीत गुलमर्गहून किंवा औलीहून परतलेली नाशिकची दोन-चार मुलं मला फोन करतात. तक्रार ठरलेली असते: "काका, स्की वळतच नाही. कडक बर्फावर नुसती घसरते." मी विचारतो, बूट कुठल्या मापाचा घेतला होतास? धार तपासलीस का? उतार कुठला होता, वेळ कुठली होती? तिथे उत्तरं अडखळतात. स्कीमध्ये दोष फार क्वचित निघतो. क्रम उलटा झालेला असतो: आधी वळायची घाई, मग स्कीची चौकशी, आणि बुटाकडे तर लक्षच नाही. म्हणून हा सगळा क्रम एकदा सविस्तर लिहून काढतो आहे. कार्व्हिंग म्हणजे स्की घसरू न देता तिच्या कडेवर वळणं, आणि ऑल-माउंटन म्हणजे एकाच प्रकारच्या बर्फापुरती न बनवलेली स्की.

ज्यांनी पायाभूत कोर्स केला आहे, ज्यांना स्नो-प्लाउ करून (स्कीची टोकं जवळ, शेपट्या लांब ठेवून) थांबता येतं आणि सोप्या उतारावरून न पडता खाली येता येतं, त्यांच्यासाठी हा लेख आहे. कोर्स झाला नसेल तर आधी तो करा. इथलं सगळं फक्त बीट केलेल्या, म्हणजे मशीन फिरवून बसवलेल्या बर्फाबद्दल आहे. खोल, भुसभुशीत बर्फाचे नियम वेगळे.

टप्पा १: नाशिकमध्ये, निघण्याआधीचे सहा आठवडे

पांडवलेणीच्या पायऱ्या बहुतेक जण दम वाढवण्यासाठी चढतात. स्कीसाठी त्या उतरणं जास्त कामाचं. वळणात मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलत असतो आणि तीच सवय पायऱ्या सावकाश उतरताना लागते. आठवड्यातून तीन दिवस, एकेक पायरी, गुडघा पावलाच्या रेषेत ठेवून उतरा. आवाज न करता पाऊल टेकलं पाहिजे.

घरी दोन गोष्टी करा. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं, सुरुवातीला ३० सेकंद, मग वाढवत ९० पर्यंत. आणि एका पायावर उभं राहून दात घासणं. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण वळणात बाहेरच्या बाजूला येणाऱ्या पायावर विश्वासाने उभं राहता आलं नाही तर पुढचा सहावा आणि सातवा टप्पा जमतच नाही. इनलाइन स्केटिंग येत असेल तर सोन्याहून पिवळं. चाकं कडेवर झुकवून वळण घेण्याची ती भावना स्कीच्या सगळ्यात जवळची आहे.

*तपासणी:* पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंटिमीटरवर ठेवा. टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का? लागत नसेल तर घोटा आखडलेला आहे. असा माणूस बुटात पुढे झुकू शकत नाही, तो मागे बसतो. रोज ताण द्या.

*सावधान:* नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर. गुलमर्ग २,६०० मीटरच्या वर आणि गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या केबल कारचा, पहिला टप्पा संपतो ते कोंगदोरी ३,००० मीटरच्या पुढे. पहिला दिवस फक्त चालणं, पाणी पिणं आणि सामान लावणं. डोकं दुखतंय, मळमळतंय अशा अवस्थेत उतारावर जाऊ नका.

टप्पा २: बूट, आणि फक्त बूट

तुम्ही स्की वळवत नाही, बूट कलवता. बूट कलला की स्की कलते. सैल बुटात पाऊल आत फिरतं आणि स्कीपर्यंत काही पोचतच नाही. मी पहिल्या वर्षी बोटं टेकतात म्हणून एक माप मोठा बूट घेतला आणि अख्खा आठवडा वाया घालवला. ही चूक मला दरवर्षी कुणाच्या तरी पायात दिसते आणि दर वेळी तितकंच वाईट वाटतं, कारण ती दहा मिनिटांत टळण्यासारखी असते.

माप घरीच घ्या. भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहा, सगळ्यात लांब बोटापाशी खूण करा, सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही पायांचं. २६.५ आलं तर स्कीच्या बुटाचं मापही २६.५ च. चपलेचा नंबर तिथे चालत नाही.

दुकानात गेल्यावर क्रम असा:

१. आतला मऊ बूट, म्हणजे लायनर, बाहेर काढायला सांगा. रिकाम्या कवचात अनवाणी पाय घाला, बोटं पुढे जेमतेम टेकवा. टाचेमागे एक ते दीड सेंटिमीटर जागा हवी, साधारण एक जाड बोट जाईल एवढी. दोन बोटं सहज गेली तर बूट मोठा.

२. एकच पातळ, लांब मोजा घाला. थंडीच्या धाकाने दोन घालू नका; दोन मोज्यांत रक्त अडतं आणि पाय उलट जास्त गार पडतो. थर्मल पँटची घडी बुटात जाऊ देऊ नका, नडगीवर वळ उठतो.

३. लायनर लावून बूट चढवा, टाच जमिनीवर दोन-तीनदा आपटून मागे बसवा. आधी घोट्याजवळची बकल हलकी लावा, मग वरच्या, शेवटी बोटांवरची. मग गुडघे वाकवून सगळ्या पुन्हा एकेक घर घट्ट करा.

४. सरळ उभं राहिल्यावर बोटं टेकतील. घाबरू नका, गुडघे वाकवून नडगी पुढे दाबली की ती मागे सरकतात. तसंच दहा मिनिटं उभे राहा.

*तपासणी:* गुडघे वाकवून टाच उचलायचा प्रयत्न करा. टाच उचलली गेली तर त्याहून लहान किंवा अरुंद बूट मागा. भाड्याच्या दुकानात गर्दी असते, मागे माणसं उभी असतात, संकोच वाटतो. तरी मागा.

*सावधान:* काही बुटांचे तळवे चालायला सोपे, रबरी आणि वक्र असतात. ते प्रत्येक बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या आणि पडताना सोडणाऱ्या पकडीत, चालत नाहीत. न जुळणारी जोडी पडताना सुटत नाही आणि गुडघा जातो. तंत्रज्ञाला थेट विचारा: हा तळवा या बाइंडिंगला चालतो का?

टप्पा ३: स्कीवरचे आकडे वाचणं

स्कीवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ १२७-७८-१११ आणि शेजारी आर १५. पहिले तीन आकडे म्हणजे टोक, कंबर आणि शेपूट यांची मिलिमीटरमधली रुंदी. आर म्हणजे बाजूच्या वक्राची त्रिज्या, मीटरमध्ये.

बीट केलेल्या उतारासाठी कंबर ७२ ते ८२ च्या दरम्यान घ्या. रुंद कंबरेची स्की कलवली की कड पावलाच्या मध्यापासून लांब जाते, त्यामुळे एका कडेवरून दुसरीवर यायला वेळ लागतो आणि कडक बर्फावर तिला धरून ठेवताना गुडघ्यावर जोर येतो. गुलमर्गचं नाव भुसभुशीत बर्फासाठी, म्हणून तिथे भाड्याला १०० च्या वरची रुंद स्कीही पुढे केली जाते. ती वाईट नसते, तुमच्या कामाची नसते. "बीट केलेल्या उतारावर चालवायची आहे" हे वाक्य आधी बोला.

त्रिज्या १३ ते १६. इथे एक गैरसमज पक्का बसला आहे: आर १५ असेल तर वळण १५ मीटरचंच येणार. तसं नाही. स्की जितकी जास्त कलवाल तितकी ती वाकते आणि वळण लहान होतं. ढोबळ गणित करायचं तर छापील त्रिज्येला कलाच्या कोनाच्या कोसाइनने गुणा. १५ ची स्की ३० अंशांवर सुमारे १३ मीटरचं वळण घेईल, ४५ अंशांवर साडेदहाचं, ६० अंशांवर साडेसातचं. म्हणजे वळण लहान करायचं साधन एकच, कल वाढवणं. पाय मुरगाळणं नव्हे.

लांबी हनुवटी ते नाक यांच्या दरम्यान. शिकताना हनुवटीच्या जवळची बरी.

मग दोन्ही स्की तळाला तळ लावून धरा. मध्ये फट दिसली पाहिजे; ही कमान तुमचा भार टोकापर्यंत आणि शेपटीपर्यंत पोचवते. ऑल-माउंटन स्कीचं टोक थोडं आधीपासून वर उचललेलं असतं, त्यामुळे ती सपाट चालवताना पुढचा भाग फडफडतो. तो दोष नव्हे. कडेवर घेतली की तेच टोक बर्फाला लागतं आणि थरथर थांबते.

*सावधान:* बाइंडिंगचा सुटण्याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुमची पातळी यांवरून तंत्रज्ञ ठरवतो. वजन कमी किंवा पातळी जास्त सांगू नका. मित्राचा आकडा बघून आपला वाढवू नका.

टप्पा ४: धार

विळीची धार गेली की टोमॅटो चिरत नाही, चेचतो. स्कीचंही तेच. बोथट एज, म्हणजे स्कीची धातूची कड, बर्फात शिरत नाही, बर्फावर सरकते, आणि मग माणूस स्वतःलाच दोष देत पाय आणखी मुरगाळतो.

भाड्याची स्की हातात आली की दुकानातच नखाची परीक्षा घ्या. नखाची पाठ एजवरून आडवी, हलकेच ओढा. नखाचा बारीक पांढरा कीस निघाला तर धार आहे. टोकाजवळ, बुटाखाली, शेपटीजवळ, दोन्ही बाजूंनी बघा. बुटाखालचा भाग सगळ्यात आधी बोथट होतो. कीस निघाला नाही तर धार लावून मागा. एजच्या लांबीच्या दिशेने बोट कधीही ओढू नका, कापतं.

स्वतःची स्की असेल तर:

१. स्की पुसून पूर्ण कोरडी करा. स्टीलची पट्टी तळावर आडवी ठेवून, तिच्या कडेवर उभी धरून उजेडाकडे बघा. मध्ये उजेड दिसला तर तळ खोलगट झाला आहे आणि एज उंच राहिल्या आहेत. अशी स्की रुळावरच्या गाडीसारखी सरळ धावते, सोडायचं म्हटलं तरी कड सोडत नाही. ते काम कानशीचं नाही, ग्राइंडिंग मशीनचं आहे.

२. एजची फक्त बाजू घासा. कानस कोनाच्या गाइडमध्ये बसवून, ८८ अंशांवर, टोकाकडून शेपटीकडे, हलक्या हाताने, लांब ओढ घेत. ८७ जास्त पकडते, पण चुकीला माफ करत नाही; शिकणाऱ्याला ८८ पुरे.

३. कानशीनंतर धारेवर बारीक किनार उभी राहते. सातपूर-अंबडला मशीनवर काम केलेल्यांना ही 'बर' सांगायची गरज नाही. ती डायमंड स्टोनने काढा. बर राहिली तर पहिल्या काही वळणांत स्की चावते, नंतर एकदम बोथट वाटते.

*सावधान:* तळाकडून एज घासू नका. तिथे कारखान्यातून साधारण एक अंशाचा उतार दिलेला असतो. तो वाढला की स्कीला कडेवर यायला उशीर होतो, आणि परत आणायचा तर अख्खा तळ घासावा लागतो. उत्साहाच्या भरात होणारी ही सगळ्यात महाग चूक.

वॅक्सचं थोडक्यात. जानेवारीच्या कडाक्यात थंड बर्फाचं कडक वॅक्स, फेब्रुवारी संपताना दुपारच्या ओल्या बर्फाला मऊ वॅक्स. इस्त्रीतून धूर निघत असेल तर ती जास्त तापली आहे. इस्त्री एका जागी ठेवू नका, खिडकी उघडी ठेवा. अर्धा तास गार होऊ द्या आणि मग वरचं सगळं खरवडून ब्रश मारा. जाड थर ठेवला की वेग वाढतो, हे खरं नाही. थर बर्फाला चिकटतो.

टप्पा ५: उतार आणि वेळ

मशीन फिरून गेल्यावर बर्फाचे कण एकमेकांना धरायला काही तास लागतात. म्हणून रात्री बीट केलेला उतार सकाळी उत्तम असतो. त्यावर कांद्याच्या वाफ्यांसारख्या बारीक, समांतर सऱ्या दिसतात. त्या दिसत असतील तोवरचा पहिला तास-दीड तास तुमचा. दुपारपर्यंत सऱ्या पुसल्या जातात, ढीग पडतात, ऊन असेल तर बर्फ ओला होतो. तोच ओला बर्फ रात्री गोठला आणि मशीन फिरलं नाही तर सकाळी काचेसारखा होतो. अशा दिवशी शिकायला जाऊ नका. निफाडच्या थंडीची कितीही सवय असली तरी तिथल्या गोठलेल्या बर्फावरचं पडणं वेगळं असतं.

उतार रुंद आणि मंद निवडा, खाली आपोआप थांबता येईल असा. गुलमर्गमध्ये खालचे सोपे उतार पुरे, जमल्यावर कोंगदोरी. गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्याने अफरवटला जाण्याचा मोह आवरा. तिथला उतार बीट केलेला नसतो, हिमस्खलनाचा धोका असतो, आणि ही स्की त्यासाठी नाही.

*तपासणी:* हेल्मेट. निघण्याआधी वर बघणं. पुढच्या, म्हणजे खालच्या माणसाला आधी वाट. पुढच्या टप्प्यातला सराव उताराला आडवा जातो, तेव्हा वर बघणं दर वेळी, न चुकता.

टप्पा ६: एकच वळण, पंख्यासारखं

दोन वळणं जोडण्याची घाई करू नका. अर्धा दिवस फक्त एक वळण.

१. दोन पायांत कमरेएवढं अंतर, दोन्ही घोटे थोडे वाकलेले, नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली. हात पुढे, डोळ्यांना दिसतील असे.

२. उताराला जवळजवळ आडवे उभे राहून हळू सुटा. दोन्ही घोटे आणि गुडघे वरच्या बाजूला कलवा. फक्त कलवा. पाय फिरवू नका, टाच ढकलू नका. आणि थांबा.

३. स्की स्वतः वर चढत जाईल आणि वेग संपून थांबेल. हा क्षण पहिल्यांदा अनुभवताना माणसाचा चेहरा बदलतो. आपण काही केलं नाही आणि ती वळली, हे तेव्हा शरीराला कळतं.

४. मागे वळून खूण बघा. सऱ्या आडव्या कापत गेलेल्या, पेन्सिलीने ओढल्यासारख्या दोन बारीक रेघा दिसल्या तर ते कार्व्हिंग. सऱ्या पुसून रुंद पट्टा उमटला असेल तर स्की घसरली. बर्फावरची खूण खोटं बोलत नाही, सोबतचा मित्र काहीही म्हणो.

५. पुढच्या वेळी सुरुवात थोडी खालच्या दिशेने करा. मग आणखी थोडी. पंखा उघडत जावा तशी, शेवटी सरळ खालच्या दिशेने सुटून. दुसऱ्या बाजूलाही तितकंच. एक बाजू कमजोर निघतेच. तिला दुप्पट वेळ द्या.

*तपासणी:* सलग पाच वेळा, दोन्ही बाजूंना, दोन स्वच्छ रेघा. त्याआधी सातव्या टप्प्याला हात लावू नका.

टप्पा ७: वळणं जोडणं

क्रम पायापासून वर जातो. जुन्या कडा सोडा, दोन्ही स्की क्षणभर सपाट होऊ द्या, मग घोट्यापासून नव्या कडांवर या, तेही स्की उताराच्या सरळ खालच्या दिशेला वळायच्या आधी. भार आपोआप बाहेरच्या स्कीवर येईल. त्याला उत्तर म्हणून बाहेरचा पाय लांब आणि भक्कम, आतला दुमडलेला. कंबर आत, खांदे बाहेरच्या स्कीच्या वर.

नाशिकच्या सायकलवाल्यांना इथे खास सांगणं आहे. त्र्यंबक रस्त्यावर वळणात सायकलबरोबर अख्खं अंग झुकवायची तुम्हाला सवय आहे. स्कीवर तसं केलं की भार आतल्या स्कीवर जातो, बाहेरची हलकी होऊन सुटते आणि तुम्ही आतल्या बाजूला आडवे होता. कल कमरेखाली, वरचं अंग शांत. बाहेरचा हात किंचित खाली ठेवला तर हे सोपं जातं.

आता स्की कशी वागते ते बघा. मंद वेगात ती आळशी वाटेल, कारण वाकायला तिला भार लागतो. मध्यम वेगात, १२-१५ मीटरच्या वळणांत ती खुलते. फार लहान, झटपट वळणांत ती ६५-७० कंबरेच्या स्लॅलम (लहान वळणांच्या शर्यतीच्या) स्कीइतकी चपळ नसते आणि काचेसारख्या बर्फावर तिची पकड आधी संपते. ही तिच्या रुंदीची मर्यादा आहे, तुमची नाही. त्या पट्ट्यावर कल थोडा कमी करून, थोडं घसरू देत पार व्हा.

बिघडलं तर कारण असं शोधा. वळणाच्या शेवटी शेपूट सुटते: तुम्ही मागे बसला आहात किंवा टाच ढकलता आहात, नडगी जिभेला आहे का ते बघा, मग धार. सुरुवातीलाच पकड येत नाही: सपाट होण्याआधीच पाय मुरगाळता आहात. आतली स्की भरकटते, दोन रेघांमधलं अंतर बदलतं: आतला गुडघा बाहेरच्याइतका कलत नाही. दोन्ही बाजूंना सारखीच अडचण असेल तर दोष बहुधा तंत्राचा. एकाच बाजूला असेल तर स्कींची अदलाबदल करून बघा. अडचण स्कीबरोबर गेली तर धार, पायाबरोबर राहिली तर बूट.

*सावधान:* मांड्या थरथरायला लागल्या की दिवस संपला. "शेवटची एक फेरी" थकलेल्या पायांनी घेऊ नका.

टप्पा ८: संध्याकाळी आणि परत आल्यावर

स्की लगेच पुसा. ओल्या स्कीवर कव्हर चढवलं की सकाळपर्यंत एजवर गंज येतो. बुटाचे लायनर बाहेर काढून खोलीच्या उबेत वाळवा, हीटरला किंवा बुखारीला (काश्मिरी शेगडीला) चिकटवून नको. मग बकल लावून ठेवा, म्हणजे कवच वाकडं होत नाही.

नाशिकला आणल्यावर पावसाळ्याचा विचार करा. एज कोरड्या करा, तळावर आणि एजवर वॅक्सचा जाड थर द्या आणि या वेळी तो खरवडू नका; तोच हवेतल्या ओलाव्यापासून राखतो. लोखंडी कपाटामागे, भिंतीच्या ओलीजवळ ठेवू नका. पुढच्या डिसेंबरला थर काढाल तेव्हा नखाची परीक्षा पुन्हा घ्या. आणि दोन्ही स्कींवर मार्करने 'डावी', 'उजवी' लिहून ठेवा: आतल्या बाजूच्या एज लवकर झिजतात, तेव्हा उतारावर एक दिवसाआड त्यांची जागा बदलायची.